415709, पण जिल्हा पुणे

रात्रपाळीत सॉर्टिंगला बसलेला माणूस पत्ता वाचत नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. नजर पाकिटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर असते. महाराष्ट्रातल्या टपालाचा पहिला आकडा 4 च असणार, तो वाचावाही लागत नाही. पुढचे दोन दिसले की हात खणाकडे जातो: 411 पुणे शहर, 422 नाशिक, 440 नागपूर. गल्ली, सोसायटी, मजला हे सगळं पोस्टमनसाठी.

एका स्पीड पोस्टने मात्र हात थांबला. भरतीच्या कागदपत्र पडताळणीचं पत्र, तसं पाकिटावरच छापलेलं. पत्ता: भरणे नाक्याजवळ, मु. पो. खेड, जि. पुणे. छापील पिन 415709. त्यावर निळ्या पेनाने आडवी रेघ आणि शेजारी 410505. मागे ‘पत्ता अपुरा’ असा शेरा. पाकीट पाठवणाऱ्याकडे परत निघालेलं.

410505 म्हणजे राजगुरुनगर, पुणे जिल्ह्यातलं खेड. 415709 म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं खेड. रेघ मारणाऱ्याने ‘पुणे’ वाचलं, 415 पुण्यात बसेना, म्हणून पिनच चुकला असं ठरवून टाकलं. पण भरणे नाका मुंबई-गोवा महामार्गावर, कोकणातल्या खेडला आहे. राजगुरुनगरच्या पोस्टमनला तो सापडणार कुठून? पिन बरोबर होता, जिल्हा चुकला होता. माझा अंदाज असा, की अर्ज ऑनलाइन भरताना ‘खेड’ निवडल्यावर यादीतला पहिला जिल्हा आपोआप चिकटला.

एका नावाची अनेक गावं आणि पत्ते लिहायच्या नाना लिप्या, या गोंधळावर उपाय म्हणून तर 15 ऑगस्ट 1972 रोजी पिन आला. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो आखला. संस्कृतचा पंडित आणि टपालखात्यातला अधिकारी एकाच माणसात असणं, याचा मला फार अभिमान वाटतो. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसऱ्यासह सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन थेट वाटप करणारं पोस्ट ऑफिस दाखवतात.

हा ‘सॉर्टिंगचा जिल्हा’ म्हणजे कलेक्टरचा जिल्हा नव्हे, आणि लोकांचं घोडं इथेच अडतं. 415 सातारा शहरालाही आहे आणि रत्नागिरी शहरालाही. पण त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले लांजा, राजापूर 416 मध्ये, कोल्हापूर-सांगलीबरोबर. लातूर आणि धाराशिव 413 मध्ये, सोलापूरबरोबर. टपाल ज्या वाटेने जायचं, त्या वाटेने आकडे बसलेत. ज्या फॉर्ममध्ये पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा भरला जातो, तो बनवणाऱ्याने पिन समजूनच घेतलेला नाही.

मी पाकीट सुपरवायझरांना दाखवलं. ते म्हणाले, “शेरा पडलाय, परतीला लागलंय, जाऊ दे. पाठवणारा बघून घेईल.” नियमाने त्यांचं बरोबर होतं. पण पाठवणारी संस्था असे गठ्ठे पाठवते. परत आलेलं एक पाकीट तिथे कोण उघडून बघणार? मी म्हटलं, “साहेब, आत नोकरीचा कागद आहे, आणि नाका मला माहीत आहे.” थोडं ताणून धरल्यावर त्यांनी सही केली. पाकीट नव्या नोंदीसह 415 च्या बॅगेत गेलं. पुढे ट्रॅकिंगवर खेडला वाटप झाल्याचं दिसलं. पडताळणीची तारीख तोवर उलटली होती का, हे ट्रॅकिंग सांगत नाही.

निळ्या पेनवाल्यावर मी चिडलो होतो. पण ‘वडगाव, ता. मावळ, पिन 416112’ असं पाकीटही माझ्या हातून गेलंय. तो पिन कोल्हापूरकडच्या पेठ वडगावचा. मावळातल्या वडगावचा 412106. तिथे शब्द खरे होते आणि आकडे खोटे. म्हणजे पिनवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असंही मी नव्या पोरांना सांगू शकत नाही. शब्द आणि आकडे भांडले की तिसरा साक्षीदार शोधायचा: तालुका, नाका, वाडी, काहीही. तो मिळेपर्यंत पेन खिशात. घाईच्या वेळी, समोर ढीग असताना, हे किती जणांना जमेल ते मला ठाऊक नाही.

खरं तर ही पाळी आमच्यावर येऊच नये. पिन गावाचा नसतो, वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसचा असतो. त्याला जोडलेल्या शाखा डाकघरांच्या गावांनाही बहुधा तोच पिन. म्हणून पिन अचूक लिहिला तरी गाव, वाडी आणि तालुका लिहावाच लागतो. आणि अर्जाचे फॉर्म बनवणाऱ्यांनी पिन टाकल्यावर जिल्हा परस्पर भरू नये. त्या पिनखालच्या पोस्ट ऑफिसांची नावं दाखवावीत आणि अर्जदाराला निवडू द्यावं. टपालखात्याची यादी सगळ्यांना खुली आहे.