तुम्ही विचारलंत म्हणून : चीनचे खेळ म्हणजे कुंगफूच ना?

मी मैदानी खेळांवर लिहितो. कबड्डी-खोखोच्या गप्पांत चीनमधल्या एखाद्या खेळाचा विषय काढला की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलात, तर एकदाचं सांगून टाकतो : नाही.

चीनमध्ये सरकारदरबारी ५६ वांशिक समाजांची नोंद आहे. बहुसंख्य हान सोडले तर उरतात ५५. त्यांच्या खेळांची देशपातळीवर वेगळी स्पर्धा भरते. पहिली १९५३ साली त्येनजिन शहरात झाली, मग तीसेक वर्षं खंड पडला, आणि १९८२ पासून साधारण दर चार वर्षांनी ती होत आली आहे. २०२४ ची सान्या शहरात झाली.

त्यातला माझा आवडता खेळ मोतीचेंडू, मांचू लोकांचा. ईशान्येकडच्या सोंगहुआ नदीतल्या शिंपल्यांतून काढलेले मोती छिंग या मांचू राजघराण्याच्या दरबारात जायचे. बादशहाच्या गळ्यातली १०८ मण्यांची माळ त्याच मोत्यांची. मोती काढणाऱ्यांच्या पोरांनी त्या कामाचाच खेळ केला. आज तो बास्केटबॉलच्या मैदानाएवढ्या जागेत खेळतात. एका संघात सातजण. मधला पट्टा म्हणजे नदी. तिथे दोन्ही संघांचे चौघे-चौघे चेंडूसाठी झगडतात. टोकाला एकजण जाळी घेऊन उभा, आपल्या गड्याने फेकलेला ‘मोती’ झेलायला. आणि त्याच्यासमोर प्रतिस्पर्ध्यांचे दोघे, हातात शिंपल्याच्या आकाराच्या फळ्या घेऊन, मोती अडवायला! म्हणजे माणसाने माणसाला हरवायचंच, पण शिंपल्याची बाजूही कुणीतरी लढवायची. असा बचाव मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

क्वैचो प्रांतातल्या छ्रश्वे नदीवर एकाच बांबूवर उभं राहून, हातातल्या बारीक काठीने तोल सांभाळत आणि वल्हवत जातात. लाकूड नदीतून वाहून नेण्याच्या कामातून हे आलं, असं तिथले लोक सांगतात. २०११ पासून राष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या शर्यती होतात. कझाक लोकांत मुलीने घोड्यावरून मुलाचा पाठलाग करून त्याला चाबकाने झोडायचा खेळ आहे. जाताना त्याने चेष्टा केलेली असते, परतताना ती वसूल करते. पारंपरिक मंगोल कुस्तीत वजनी गटच नसतात. आपल्या तालमीतल्यांना हे ऐकून घाम फुटेल.

आता ज्यावर माझं मन अडतं तो खेळ : दक्षिण चीनमधल्या क्वांगशीतल्या तोंग लोकांचा फटाक्याच्या कड्याचा. सानज्यांग भागातल्या फुलूमध्ये तिसऱ्या चांद्रमासाच्या तृतीयेला तो होतो. लाल कापड गुंडाळलेलं लोखंडी कडं बंदुकीच्या दारूच्या बाराने आकाशात उडवायचं आणि खाली पडताना गर्दीने त्यावर झेपावायचं. कडं मिळणं शुभ. पण ज्यांना मिळालं त्यांनी पुढच्या वर्षी वाजतगाजत, डुक्कर आणि दारू घेऊन ते परत आणायचं असतं. जिंकलात की वर्षभराची जबाबदारी गळ्यात पडली.

१९८६ साली हा खेळ अधिकृत स्पर्धेत आला. आठ-आठ खेळाडू, आखलेलं मैदान, कडं नेऊन टाकायला टोपली. खेळ वेगवान झाला, बघायला मजा येते, पण परतफेड गेली. पदक कुणी परत आणून देत नाही. नियमांमुळे मोतीचेंडूचं भलं झालं असं मला वाटतं. तो महाविद्यालयांत पोचला, टिकला. फटाक्याच्या कड्याचा मात्र निम्मा जीव त्या परतीच्या मिरवणुकीत होता.

‘आपल्याला काय त्याचं?’ हा पुढचा प्रश्नही ठरलेला. कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकासाठी पहिल्यांदा खेळली गेली ती १९९० साली, बेजिंगमध्ये, आणि सुवर्ण आपण जिंकलं. मातीतला खेळ मोठ्या मांडवात नेताना काय सांभाळायचं नि काय सोडायचं, हा वाद आपल्याकडेही मॅट आल्यापासून चालूच आहे. म्हणून मी तिकडचे सामने शोधून बघतो. तुम्हाला एकच बघायचा असेल तर मोतीचेंडू बघा, आणि नजर चेंडूवर नको, त्या दोन शिंपल्यांवर ठेवा.