शून्य टाकून बघ

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणितात एटीकेटी लागली. इंटिग्रेशन (समाकलन) अवघड गेलं, असं घरी सांगून मोकळा झालो. मग उत्तरपत्रिकेची झेरॉक्स हातात आली. पाहतो तर इंटिग्रेशन जिथे जिथे केलं होतं तिथे बरोबरच होतं. चुकलं होतं ते त्याच्या आधीचं, आठवीतलं.

मी अमळनेरहून जळगावला पॅसेंजरने जायचो. जागा मिळाली तर धरणगाव ते पाळधी एक गणित व्हायचं. प्रकरण होतं रॅशनल फंक्शनचं: वर बहुपदी, खाली बहुपदी. (वर्गात आम्ही एक्स म्हणायचो, इथे क्ष लिहितो.) खालच्या बहुपदीचे अवयव पाडायचे, एका मोठ्या अपूर्णांकाचे लहान तुकडे करायचे आणि प्रत्येकाचं इंटिग्रेशन करायचं. याला पार्शल फ्रॅक्शन म्हणतात हे पाठ होतं. पण शाळेत छेद समान करून बेरीज करायचो, तेच इथे उलट्या पावलांनी चाललंय, हे कुणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

मे महिन्यात वह्या पुन्हा काढल्या. ऊन ४४च्या घरात, दुपारची लाइट गेलेली, आजी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घालून खाली आलेली. चुलतबहीण सुट्टीला आली होती, इंजिनिअरिंग झालेली. तिने पेपरातलं पहिलंच गणित पुढ्यात ओढलं: (क्ष² + १) / (क्ष² − १).

मी सरळ तुकडे केले होते: १/(क्ष − १) वजा १/(क्ष + १). इंटिग्रेशन केलं की प्रत्येकाचा एक लॉग (लॉगॅरिदम). सगळं कसं नीटनेटकं.

"शून्य टाकून बघ," ताई म्हणाली.

मूळ अपूर्णांकात क्षच्या जागी शून्य टाकलं, −१ आलं. माझ्या तुकड्यांत टाकलं, −२ आलं. मी दोनदा करून पाहिलं. आजी म्हणे, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" काय सांगणार, एक हरवला होता!

वरचा घात आणि खालचा घात सारखाच आहे, तेव्हा आधी भागाकार करायला हवा होता. भागाकार केला की १ बाहेर पडतो आणि २/(क्ष² − १) उरतं. तुकडे या उरलेल्याचे करायचे. गंमत अशी, की भागाकार न करताही ते दोन तुकडे अगदी बरोबर येतात, म्हणून संशयच येत नाही. फक्त तो १ गायब होतो आणि उत्तरातून आख्खा क्ष जातो. माझे त्या पेपरात असे दोन प्रश्न गेले होते.

दुसरी खोड पुनरावृत्त अवयवाची. १/(क्ष(क्ष − १)²) याचे तुकडे पाडताना मी (क्ष − १)² घ्यायचो आणि साधा (क्ष − १) सोडून द्यायचो. ताई म्हणाली, "लग्नाचं आवतन थोरल्याला देऊन धाकट्याला विसरलास, तर तो रुसणारच." तुकडे तीन: १/क्ष, −१/(क्ष − १) आणि १/(क्ष − १)². पहिला आणि तिसरा अंश काढायला खालचा तो अवयव बोटाने झाकून, तो ज्या किमतीला शून्य होतो ती उरलेल्यात टाकायची. ही युक्ती ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज विद्युततज्ज्ञाच्या नावाने ओळखतात. मधल्याला ती लागू पडत नाही; तिथे क्ष = २ टाकून समीकरण सोडवलं.

ज्याचे अवयवच पडत नाहीत अशा क्ष² + ४क्ष + १३ सारख्याला पूर्ण वर्ग करायचा, (क्ष + २)² + ९, की इंटिग्रेशनमध्ये टॅन इन्व्हर्स (त्रिकोणमितीतल्या टॅनचं उलट फल) येतो. हे मला आधीपासून यायचं.

मला खरा धीर आला तो लायब्निट्समुळे. ज्याने कॅल्क्युलस, म्हणजे इंटिग्रेशन ज्यात येतं ते गणितच उभं केलं, तो १७०२ साली १/(क्ष⁴ + १) पाशी अडला होता. याचं इंटिग्रेशन लॉग आणि टॅन इन्व्हर्समध्ये बसणार नाही, असं त्याला वाटलं, कारण खालच्याचे वास्तव अवयव त्याला दिसले नाहीत. आहेत ते! २क्ष² मिळवा आणि वजा करा: (क्ष² + १)² − २क्ष². झाला वर्गांचा फरक, सूत्र आठवी-नववीतलं. म्हणजे एवढा मोठा माणूससुद्धा इंटिग्रेशनला नाही, अवयवांना अडला होता. ते वाचून मी रात्री ताईला उठवून सांगितलं. ती वैतागली.

पुन्हा परीक्षेला बसलो तेव्हा आलं (क्ष³ + २) / (क्ष² − क्ष). वरचा घात मोठा, आधी भागाकार. बाहेर क्ष + १, मग −२/क्ष आणि ३/(क्ष − १). ताळा करायला सवयीने शून्य टाकलं, तर खालीच शून्य! क्षणभर घाम फुटला. एक टाकला, तरी तेच. मग दोन टाकले. वर दहा, खाली दोन, आले पाच. तुकड्यांत ३ − १ + ३, तेही पाच.

इंटिग्रेशनच्या उत्तराला शेवटी जोडतात तो ‘अधिक स्थिरांक’ लिहायचा राहिला, हे मात्र परतीच्या गाडीत पाळधी गेल्यावर आठवलं.