एवढ्या मोठ्या गावाला ‘व्हिलेज’ का म्हणता?

शिकागोजवळ आमच्या शॉमबर्गला भारतातून कुणी आलं की हा प्रश्न येतोच. वुडफील्ड मॉल, काचेच्या कचेऱ्या, आठ पदरी रस्ते, आणि पाटीवर मात्र ‘व्हिलेज ऑफ शॉमबर्ग’. बाबांनीही पहिल्याच दिवशी विचारलं, “याला खेडं कसं म्हणायचं गं?”

कारण हे खरोखरच खेडं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मनीच्या शाउमबुर्ग भागातली शेतकरी कुटुंबं इथे येऊन वसली. १८४७ मध्ये त्यांनी सेंट पीटर चर्च उभं केलं. १८५० मध्ये गावाच्या नावावरून बैठकीत वाद चालला होता, तेव्हा नेर्गे नावाच्या शेतकऱ्याने टेबलावर मूठ आपटून आपल्या बोलीत सांगितलं, “नाव शॉमबर्गच राहील!” इथे ही गोष्ट अजून सांगतात. मला तो माणूस फार जवळचा वाटतो. हजारो मैल दूर येऊन त्याला मुलुखाचं नाव तेवढं हवं होतं. १८७० पर्यंत इथली जवळपास सगळी जमीन जर्मन कुटुंबांकडे गेली होती. दूध, लोणी, चीज यांवर गाव चालायचं.

१९५६ मध्ये रीतसर ‘व्हिलेज’ स्थापन झालं तेव्हा वस्ती होती जेमतेम १३० माणसांची. इलिनॉय या आमच्या राज्याच्या कायद्यात ‘व्हिलेज’ हा स्थानिक कारभाराचा एक प्रकार आहे, लोकसंख्या वाढली म्हणून तो आपोआप बदलत नाही. मग टोलवे, म्हणजे टोल भरून वापरायचा महामार्ग, आला, शेजारी ओ’हेअर विमानतळ वाढला. १९५९ पासून कॅम्पानेली या बिल्डरने शेतांवर घरांच्या रांगा उभ्या केल्या. पाठोपाठ मोटोरोला आली, १९७१ मध्ये वुडफील्ड उघडला. १९६० मध्ये हजाराच्या आत असलेलं गाव १९८० पर्यंत पन्नास हजारांच्या वर गेलं. एका पिढीत गोठे गेले आणि घरातली जर्मनही गेली. आडनावं उरली ती रस्त्यांना. नेर्गे रोड आहे, स्प्रिंगिन्सगुथ रोड आहे. तो दुसरा उच्चार बाबांना शेवटपर्यंत जमला नाही.

त्यांना मी फोल्कनिंग फार्मवर नेलं. १८८०च्या सुमाराची जर्मन शेती तिथे जपली आहे. आमच्या संगमनेरच्या घरी आयुष्यभर दुधाचा धंदा, त्यामुळे बाबा आधी गोठ्याकडे वळले. गाईच्या कासेकडे पाहिलं, दाव्याची गाठ चाचपली. मग मक्याची ताटं बांधून उभी केलेली दिसली, तशी थबकले.

“अगं, हे तर आपल्या ज्वारीच्या बुचाडासारखं!” म्हणाले, आणि आईला दाखवायला फोन काढला.

गेटवरची बाई बंद व्हायची वेळ सांगून गेली. आम्ही आणखी थोडा वेळ गोठ्यापाशीच उभे राहिलो.