हिशेब स्वच्छ असेल तर भीती कशाची?

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतलेसुद्धा मला हे विचारतात. "बाई, हिशेब स्वच्छ होता ना? मग परदेशी देणग्यांच्या निकालाचं एवढं का लागलं?"

होता स्वच्छ. वह्या मीच लिहीत होते, दरवर्षी ऑडिट होत होतं. आमच्या वसतिगृहाचा पैसा परदेशातून एका मोठ्या ख्रिस्ती संस्थेकडे यायचा, तिथून आमच्याकडे. परदेशी देणगी घेण्याची नोंदणी दोघांचीही होती. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने ती वाटच बंद केली. आलेली देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, मग ती नोंदणीकृत का असेना. आम्ही कोर्टाकडे डोळे लावून बसलो. 8 एप्रिल 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. पदाधिकाऱ्यांना आधारऐवजी पासपोर्ट चालेल, एवढा दिलासा मिळाला. "थेट मागवा की," म्हणता. देणारे त्या संस्थेला ओळखत होते, आम्हाला नाही.

कोरोनात वसतिगृह बंदच होतं, त्यामुळे खरी झळ त्या जूनमध्ये लागली. सुरगाण्याकडून एक आई मुलीला घेऊन आली. डोक्यावर पत्र्याची पेटी, तिच्यावर मुलीचं नाव ऑइलपेंटने नवीन लिहिलेलं. हात लावला तर बोटाला रंग लागला. काखेत नागलीचं गाठोडं, दरवर्षीसारखं. यंदा जागा नाही, हे मी तिला दारातच सांगितलं. निरोप पोचलाच नव्हता. ती म्हणाली, "मग हिला मी कुठं ठेवू, बाई?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एसटीपर्यंत पेटीची एक कडी मी धरली, दुसरी मुलीने. नागली मात्र आई परत न्यायला तयार होईना. "तुमच्यासाठीच दळलीय." ते पीठ मी महिनाभर खाल्लं.

कायदा सगळ्या धर्मांना सारखाच आहे, मान्य. पण 1954 च्या रतिलाल गांधी खटल्यात, आपल्याच मुंबई राज्याच्या विश्वस्त कायद्यावर बोलताना, न्यायालयाने धर्माच्या बाबी आणि मालमत्तेचा कारभार वेगळे काढले होते. कारभारावर सरकार कायद्याने नियंत्रण ठेवू शकतं, म्हणाले. मुलींना दोन वेळा जेवू घालणं कायद्याला कारभार वाटत असेल. आम्हाला ती उपासना वाटते, आणि हे मला कुठल्याच अर्जात लिहिता आलं नाही.

आणि हेही सांगते. 2020 च्या इतिवृत्तात माझंच म्हणणं नोंदलेलं आहे, "नियम कडक झाले ते बरंच झालं." पैसा चार हातांतून फिरून कागदावरच संपलेला मी पाहिला होता. त्या पेटीनंतर ते वाक्य खोडावंसं वाटलं. खोडलेलं नाही. आजही ते मला पुरतं चूक वाटत नाही, आणि त्या आईला मी अजून उत्तर दिलेलं नाही.