पुढे घोडा, मधे गाडी, आसाखाली कुत्रं

घोड्यावर बसणं वेगळं आणि घोडा गाडीला जुंपून हाकणं वेगळं. पाठीवर बसलेल्याला मांड्यांचा दाब देता येतो, वजन इकडचं तिकडे करता येतं. हाकणाऱ्याच्या हाती तीनच गोष्टी: लगाम, आवाज आणि चाबूक. त्यात घोडा चांगला हातभर पुढे आणि डोळ्यांना झापडं. तो जे ओढतोय ते त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. या छंदातली मजा आणि यातले अपघात, दोन्हीचं मूळ तिथेच आहे.

झापडं म्हणजे घोड्यावर अन्याय असं वाटणारे बरेच भेटतात. पण घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त थेट पाठीमागचं आणि कपाळासमोरचं थोडं सुटतं. डोळ्याच्या कोपऱ्यात फिरणारं चाक दिसलं की त्याला वाटतं काहीतरी पाठीला लागलंय. तो वेग वाढवतो, मग चाकाचाही वाढतो! झापड बसवताना डोळा बरोबर त्याच्या मध्यावर यायला हवा आणि पापणीचे केस चामड्याला लागायला नकोत. झापड खाली सरकलं तर घोडा वरच्या फटीतून मागे बघतो, आणि अर्धवट दिसलेलं चाक पूर्ण दिसण्यापेक्षा जास्त घाबरवतं.

साज चढवताना आधी छातीपट्टा किंवा गळ्याची हंसळी, मग पाठीवरची गादी, मग शेपटीखालून जाणारी दुमची आणि मागचा पट्टा, मग गादी पोटाखालून आवळणारा तंग. तोंडातली कडी आणि झापडं सगळ्यात शेवटी. छातीपट्टा खांद्याच्या पुढे आलेल्या हाडाच्या वर आणि श्वासनलिकेच्या खाली बसतो. ही जागा अगदी थोडी आहे. पट्टा खाली घसरला तर पुढचा पाय मोकळा पडत नाही, चाल आखूड होते. वर गेला तर चढावर घोडा खोकतो किंवा चक्क उभा राहतो, आणि लोक म्हणतात घोडा अडेल आहे. ओझं जड आणि रस्ता चढाचा असेल तर हंसळीच बरी, कारण ती ओढ दोन्ही खांद्यांवर पसरवते. मात्र तिच्या तळाशी श्वासनलिकेपुढे पसरलेला हात सरकला पाहिजे. चारा बदलला, घोडा सुटला किंवा उतरला की तीच हंसळी होत नाही. छातीपट्टा वापरत असाल तर गाडीकडचा आडवा दांडा झुलता हवा. तो पक्का असला तर प्रत्येक पावलाला पट्टा खांद्यावर घासतो आणि दोन दिवसांत केस जातात.

दुचाकी गाडीत तोल बघावाच लागतो. माणसं बसल्यावर घोड्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारे दांडे गादीच्या कड्यांत नुसते तरंगले पाहिजेत, हातानं सहज वरखाली होतील इतके. पुढे वजन जास्त झालं तर ते घोड्याच्या पाठीवर येतं, मागे जास्त झालं तर दांडे वर उचलून पोटाखालचा पट्टा ताणतात. बैठक चार बोटं पुढेमागे केली की बहुतेक वेळा काम होतं. चारचाकीला ही कटकट नाही, पण ती जड असते आणि वळायला जागा जास्त लागते.

आता मागचा पट्टा. मांड्यांमागून आडवा जाणाऱ्या या पट्ट्याकडे नवशिके सगळ्यात कमी लक्ष देतात. सपाटीवर तो नुसता लोंबत असतो, त्यामुळे शोभेचा वाटतो. उतार लागला की अख्खी गाडी त्याच्यावर येते, आणि गाडीला ब्रेक नसेल तर ती थोपवायला घोड्याकडे दुसरं काहीच नसतं. माप असं घ्यायचं: घोडा दोन पावलं पुढे नेऊन ओढपट्टे, म्हणजे छातीपट्ट्यापासून किंवा हंसळीपासून गाडीपर्यंत जाणारे पट्टे, ताणायचे आणि मग मागच्या पट्ट्यात हात आडवा घालून बघायचा. तळहाताच्या रुंदीइतकी जागा हवी. घट्ट असेल तर घोडा एकीकडे ओढतो आणि दुसरीकडे स्वतःलाच धरून ठेवतो. फार सैल असेल तर उतारावर गाडी आधी हातभर पुढे येते आणि मग धप्पकन मांड्यांवर आदळते. न दिसणाऱ्या ठिकाणाहून आलेला हा फटका चांगल्या घोड्यालाही लाथ मारायला शिकवतो. उंचीही बघा. पट्टा फार वर असेल तर शेपटीखाली चढतो, फार खाली असेल तर उतारावर मागचे पायच पुढे ढकलतो.

जुंपताना घोड्याला मागे ढकलत दांड्यांमध्ये आणू नका. जमिनीवर पडलेल्या दांड्यावर खूर पडला की दांडा गेला, आणि घोडाही बिचकला. घोडा उभा करा, एकानं तोंडाशी समोर उभं राहावं, लगाम आधीच ओवून गादीला अडकवलेला असावा. मग दांडे उंच धरून गाडी मागून आणायची. दांडे कड्यांत, मग ओढपट्टे, मग मागचा पट्टा, शेवटी पोटाखालचा. सोडताना बरोबर उलट: ओढपट्टे जुंपताना आधी, सोडताना शेवटी. ओढपट्टे सुटलेले आणि मागचा पट्टा अडकलेला असताना घोडा पुढे गेला, तर सगळी गाडी त्या पट्ट्याला लटकते. आणखी एक नियम, ज्याला अपवाद नाही: घोडा गाडीला जोडलेला असताना झापडं आणि कडी उतरवायची नाही, घाम पुसायलाही नाही. हाकणारा लगाम हातात घेऊन सगळ्यांत आधी चढतो आणि सगळ्यांत शेवटी उतरतो.

लगाम धरायच्या पद्धती अनेक आहेत. जर्मनीच्या बेनो फॉन आखेनबाख (1861–1936) यांची मला सगळ्यात सोयीची वाटते. दोन्ही लगाम डाव्या हातात, डावा तर्जनीवरून, उजवा मधलं बोट आणि अनामिका यांच्यामधून. उजवा हात मदतीला आणि चाबकाला. वळताना आतला लगाम खेचायचा नाही, बाहेरचा किंचित सोडायचा. घोडा तोंड आवळलं जाण्याच्या भीतीशिवाय वळतो. हे एकदा जमलं की दुडकीवर, ताशी बारा-तेरा किलोमीटरला, ओढपट्टे एकसारखे ताणलेले, घोड्याचा एक कान पुढे आणि एक मागे तुमच्या आवाजाकडे वळलेला, हे बघत बसण्यासारखं सुख नाही.

आता कुत्रं. गाडीबरोबर धावणारं कुत्रं म्हटलं की डोळ्यांसमोर ठिपकेवाला डाल्मेशियन येतो, आणि ते बरोबरच आहे. ही जात गाडीसोबत धावण्यासाठीच ओळखली जायची. आसाखाली, घोड्याच्या खुरांच्या किती जवळ धावायचं ही आवड पिलांमध्ये वारशानं येते का, यावर 1940 मध्ये एक संशोधनही प्रसिद्ध झालं होतं. पण शेतावर जे कुत्रं असेल तेच आपल्याला चालवायचं असतं. गुरं हाकणाऱ्या जाती हुशार, पण हलणारा खूर दिसला की टाचेला तोंड घालणं त्यांच्या रक्तात आहे. कळप राखणारं कुत्रं अर्ध्या वाटेवरून जनावरांकडे परत जातं. बिळातलं उकरणाऱ्या छोट्या कुत्र्यांना सरळ गाडीत बसवा. सगळ्यात बरं म्हणजे थंड डोक्याचं, मध्यम बांध्याचं गावठी कुत्रं.

सुरुवात गाडीपासून करू नका. आधी झापडांशिवाय घोडा एकानं धरावा, कुत्रं दुसऱ्यानं, आणि तीन-चार मीटर अंतर ठेवून दोघांना बरोबर चालवावं. मग घोड्याला झापडं लावून, लांब लगामावर मागून चालत हाका आणि कुत्रं तुमच्या बाजूला ठेवा. इथे घोडा पहिल्यांदा धापा टाकण्याचा आवाज ऐकतो पण धापा टाकणारं दिसत नाही. कान मागे जाऊन तिथेच चिकटले तर थांबा, कुत्रं पुढे आणून दाखवा, पुन्हा मागे न्या. त्यानंतरच गाडी, तीही चालीवर, कुत्र्याची दोरी पायी चालणाऱ्या मदतनिसाच्या हातात. दोरी गाडीला कधीच बांधायची नाही. चाकाला दोरी गुंडाळायला अर्धा फेरा पुरतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. कुत्र्याचे आणि घोड्याचे हुकूम वेगळे हवेत. कुत्र्याला जोरात 'थांब' म्हणालात की घोडाही थांबतो, मागच्या प्रवाशांची नाकं पुढे आपटतात. कुत्र्यासाठी 'मागं', 'वर', 'बस' असे तुटक शब्द ठेवा, घोड्यासाठी लांबवलेले.

दुचाकीत कुत्र्यानं आसाखाली धावलं तर चालतं. चारचाकीत त्याची जागा मागच्या चाकांच्या मागे. पुढची चाकं वळताना गाडीच्या पोटाखाली घुसतात आणि नेमकं तिथेच कुत्रं सावली शोधत असतं. गाडी मागे घ्यायची असेल तर आधी कुत्रं बाजूला बोलवा, ते दिसेपर्यंत हलू नका.

घोडा अंगभर घाम गाळून थंड होतो. कुत्र्याला मुख्यतः धापाच असतात. घोडा अजून दहा किलोमीटर सहज जाईल अशा वेळी कुत्रं संपलेलं असू शकतं, आणि ते तुमच्यामागे पडायचं नाही म्हणून धावतच राहतं. जीभ टोकाला पसरून चमच्यासारखी झाली, लाल गडद झाली की लगेच वर घ्या. सुरुवातीला तीन-चार किलोमीटर पुरे. डांबरावर हाताची मागची बाजू सहा-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नाही तिथे पंजे टाकायला लावू नका. पिल्लांची हाडं वाढत असताना लांब पल्ला नको, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत. गाडीत घेतल्यावर पायाशी रबरी चटई आणि शेजारी मदतनीस हवा. हाकणाऱ्याच्या मांडीवर कुत्रं नको, आणि गळ्यात दोरी बांधून तर अजिबात नको. उडी मारली तर ते लटकेल.

शेवटचा किलोमीटर चालीवर आणा. साज उतरला की पट्ट्यांखालून उघडा हात फिरवा: गरम ठिपका, ओला-कोरडा डाग, उभे झालेले केस, यातून उद्याची जखम आजच सापडते. खूर खरवडून खडे काढा, आणि तसंच खाली बसलेले असताना कुत्र्याच्या बोटांमधलेही बघून घ्या.