९७७ – ५ – १७

गेल्या श्रावणातली गोष्ट. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या मागे एका बोळात माझं वर्कशॉप आहे. दुकान म्हणावं एवढी जागा नाही. एक टेबल, दोन मांडण्या आणि खालपासून वरपर्यंत जुने बोर्ड. जुनी कॉम्प्युटर मशीन्स दुरुस्त करणारी आता फार माणसं उरली नाहीत, म्हणून लोक शोधत येतात. त्या दिवशी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ रिक्षातून बोजा उतरवत होते आणि मागे त्यांची आई, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून. बोजा जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. गाठ सोडली तर आत आडवं कॅबिनेट, रंग उडून पिवळट झालेलं. ३८६चं मशीन, म्हणजे ३८६ प्रोसेसरचा जुना पीसी.

"भंगारवाला पाचशे देतो म्हणाला," ते म्हणाले, "पण आई देऊ देईना."

त्यांचे वडील मुळशीकडे झेडपीच्या शाळेत शिक्षक होते. रिटायर झाल्यावर भातशेतीतले शब्द जमवायला लागले. राब, तरवा, आवणी, उडवी, कणगी, असे. गावोगाव हिंडून म्हाताऱ्या माणसांना विचारून. त्यांच्या एका मित्राचा छापखाना होता. छापखान्याने १९९६मध्ये नवी मशीन्स घेतली तेव्हा हे जुनं गुरुजींना देऊन टाकलं. गुरुजींनी सगळे शब्द त्यात घातले. ते जाऊन एकोणीस वर्षं झाली. वह्या वाळवीने खाल्ल्या. आता जे काही होतं ते या डब्यात.

मी त्यांना साफ सांगितलं की आशा फार धरू नका.

झाकण काढल्यावर आधी वास आला, मग दिसलं. त्या काळच्या बोर्डांवर निळ्या प्लॅस्टिकची, बोटाच्या पेराएवढी एक निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असायची, ३.६ व्होल्टची. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती फुटते आणि आतला क्षार बोर्डावर उतरतो. इथे हिरवट-निळी बुरशी आल्यासारखं झालं होतं. कीबोर्डच्या सॉकेटपाशी तांब्याच्या रेघा नाहीशाच झालेल्या. शेजारच्या स्लॉटमध्ये एक लांब कार्ड होतं, त्याचे सोनेरी दातसुद्धा काळे पडलेले. कार्ड उपसून उजेडात धरलं आणि मला भरून आलं. जिस्ट कार्ड!

१९९३मध्ये डिप्लोमा करून मी सर्व्हिस इंजिनियर म्हणून लागले, तेव्हा लूनावरून एएमसीचे, म्हणजे देखभाल-कराराचे, कॉल करत फिरायचे. सरकारी कचेऱ्यांत, छापखान्यांत, पतपेढ्यांत हे कार्ड भेटायचं. ज्या काळात डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळ्या पडद्यावर इंग्रजीशिवाय काही उमटत नव्हतं त्या काळात या कार्डामुळे तिथे मराठी दिसायची. मुळात हे काम कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं. मोहन तांबे यांनी ते पुढे पुण्यात सीडॅक या सरकारी संगणक-संस्थेत वाढवलं. सीडॅकची स्थापना १९८८ची. लोक त्या संस्थेचं नाव परम महासंगणकासाठी घेतात आणि ते योग्यच आहे, पण माझ्या लेखी हे हातभर कार्ड त्याहून कमी नाही. कारण ते तालुक्याच्या गावापर्यंत पोचलं.

आणि ते होऊ शकलं याला एक कारण आहे, जे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना आवर्जून सांगते. आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये पहिला पीसी काढला, तेव्हा स्लॉटच्या कुठल्या पिनेवर काय येतं हे टेक्निकल रेफरन्सच्या पुस्तकात छापलं. बायोसची, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, अख्खी लिस्टिंगसुद्धा त्यात होती. लिस्टिंगवर हक्क आयबीएमचा, त्यामुळे कॉम्पॅकला तोच बायोस न बघता नव्याने लिहावा लागला. पण स्लॉट सगळ्यांना मोकळा होता. म्हणून जगभर जोडणीचे पीसी निघाले, आणि म्हणूनच पुण्यात बसून कुणाची परवानगी न मागता त्या स्लॉटमध्ये बसणारं मराठीचं कार्ड करता आलं.

बोर्ड व्हिनेगरने पुसला, कार्डाचे दात खोडरबराने घासले. पण बोर्ड गेलेलाच होता आणि कार्डही जागं झालं नाही. तो नाद सोडून मी डिस्कला हात घातला. ४० एमबीची, आयडीई या जुन्या जोडणीची हार्ड डिस्क. ही यूएसबीच्या अडॅप्टरवर चालत नाही. अडॅप्टर सलग क्रमांकाने ब्लॉक मागतो आणि या वयाच्या डिस्कला सिलिंडर, हेड, सेक्टर असा पत्ताच कळतो. त्यासाठी मी एक ४८६चा बोर्ड जिवापाड जपून ठेवलाय. त्याला डिस्क जोडली, पॉवर दिली. बारीक टिक झालं आणि पुढे काहीच नाही. तबकड्या फिरेनात. पडून राहिलेल्या डिस्कचे हेड तबकडीला चिकटून बसतात. अशा वेळी डिस्क तळहातावर आडवी धरून, पॉवर देतानाच मनगटाने झटकन एक गिरकी द्यायची. जोर जास्त झाला तर हेड तुटतो. तिसऱ्या गिरकीला आतून शिट्टीसारखा आवाज चढत गेला आणि स्थिर झाला.

आजी खुर्चीतून उठून जवळ आल्या. "हाच आवाज," म्हणाल्या.

पण वाचता येईना. माझ्या ४८६च्या ऑटो-डिटेक्टने डिस्कचे जे आकडे काढले ते घेऊन डॉसला पार्टिशन सापडत नव्हतं. हे होतं, एकाच डिस्कला वेगवेगळ्या आकड्यांनी बांधता येतं, आणि ज्या आकड्यांनी ती बांधली त्याच आकड्यांनी उघडावी लागते. डिस्कवरचं लेबल निघून गेलेलं. मला घाम फुटला. अशी डिस्क किती मिनिटं फिरेल याचा भरवसा नसतो आणि नेहमीचे आकडे एकेक करून लावून बघायला वेळ नव्हता.

काही सुचेना म्हणून मी रिकाम्या कॅबिनेटकडे बघत होते. पुढच्या बाजूला, पॉवरच्या बटणाखाली, वहीच्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. वर सेलोटेप, तोही पिवळा पडलेला. त्यावर निळ्या शाईत, शिक्षकाच्या वळणदार अक्षरात: ९७७ – ५ – १७.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते होय," चिरंजीव म्हणाले, "कुठल्या तरी जमिनीचा गट नंबर असावा. वडील गेल्यावर मी तलाठ्याकडे चौकशीसुद्धा केली. असा गट आमच्या नावावर निघाला नाही."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला तर ४,२५,१९,०४०. म्हणजे ४० एमबीची डिस्क! सेटअपमध्ये जाऊन ४७ नंबरचा, आकडे हाताने घालायचा, प्रकार घेतला, तीन आकडे घातले, सेव्ह करून मशीन पुन्हा चालू केलं. सी प्रॉम्प्ट आला, म्हणजे डिस्क उघडली.

डिर दिलं. फाइलींची यादी वर सरकत गेली. सुरुवातीच्या फाइलींवर १९९६, ९७, ९८ अशा तारखा होत्या. त्यानंतरच्या सगळ्या फाइलींची तारीख एकच: १-१-१९८०. डॉसचं कॅलेंडर तिथून सुरू होतं. मशीनला आजची तारीख माहीत नसली की ते तिथे जाऊन बसतं.

मग मला सगळं उलगडलं. १९८४मध्ये आयबीएमने एटी आणलं, तेव्हापासून पीसीच्या पोटात एक छोटी स्मृती आली, बॅटरीवर चालणारी. तारीख आणि डिस्कचे आकडे ती लक्षात ठेवते. गुरुजींची ही बॅटरी १९९८च्या सुमारास मेली होती. त्यानंतर दर वेळी मशीन चालू केलं की ते सगळं विसरलेलं असणार. मी आजींना विचारलं, "गुरुजी बटण दाबल्यावर आधी काय करायचे, आठवतंय?"

"चहाच्या आधी बसायचे," त्या म्हणाल्या. "निळा पडदा यायचा. मग त्या चिठ्ठीकडं बघून आकडे घालायचे. रोज. मी म्हनायची, अहो पाठ झाले नाहीत का अजून? तर म्हनायचे, पाठ आहेत, पन चूक व्हायला नको."

रोज, कितीतरी वर्षं. बॅटरी बदलायला तेव्हा शंभर-सव्वाशे रुपये आणि अर्धा तास लागला असता. मी किंवा माझ्यासारखं कुणीही करून दिलं असतं. कुणाला विचारावं हे त्यांना कळलं नसेल, आणि कुणी सांगितलंही नाही. हे मला अजून लागून राहिलंय.

डिस्क फिरतेय तोवर मी सगळ्या फाइली सीएफ मेमरी कार्डावर उतरवून घेतल्या. मग एक उघडली. पडद्यावर ग्रीक चिन्हं, डोक्यावर टिंबं आणि लाटा असलेली युरोपी अक्षरं, मध्येच एखादा इंग्रजी आकडा. चिरंजीवांचा चेहरा पडला. "गेलं का सगळं?"

"नाही," मी म्हटलं, "हे मराठीच आहे." कचेऱ्यांत कार्ड स्लॉटमध्ये हललं की पडदा नेमका असा दिसायचा, ते माझ्या डोळ्यांना ओळखीचं होतं. एक चिन्ह बाकीच्यांपेक्षा पुष्कळ जास्त वेळा येत होतं, तो काना. मराठीत त्याच्याइतकं दुसरं काही येत नाही. ही अक्षरं इस्की या भारतीय लिप्यांसाठीच्या संकेतातली होती. भारतीय मानक १३१९४, सन १९९१. त्यात देवनागरी, बंगाली, तमिळ अशा सगळ्या लिप्यांतल्या 'क'ला एकच क्रमांक आहे. आज आपण फोनवर जे युनिकोड वापरतो त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवरून घेतली. गुरुजींच्या फाइली एखाद्या कंपनीच्या खासगी फॉन्टमध्ये असत्या तर मी आठवडाभर डोकं आपटत बसले असते. इथे कोष्टक छापील होतं. दोन तासांत मी छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि फाइली युनिकोडमध्ये आणल्या. ३,६१२ नोंदी.

संध्याकाळ झाली होती. दोघं गेलेच नव्हते. बोळातल्या टपरीवरून चहा येत होता. चिरंजीव लॅपटॉपवरून मोठ्याने वाचायला लागले आणि आजी डोळे मिटून ऐकत होत्या. "इरलं. कामट्या आणि पानांचं, लावणीच्या वेळी पाठीवर घ्यायचं." आजींनी मान हलवली. "राब. रोपांच्या जागेवर शेण-पालापाचोळा पसरून जाळणे." पुन्हा मान. मग एका नोंदीत आलं, "डोंगरदर्यांतून..."

"थांब," आजी म्हणाल्या. "आमच्याकडं दर्या कुठून आला? दऱ्या."

मी उठून त्यांच्या मागे गेले. मूळ फाइल तपासली. गुरुजींनी बरोबर लिहिलं होतं. मराठीत 'दऱ्या' आणि 'दर्या' वेगळे. दऱ्या डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. त्या पापणीसारख्या र साठी इस्कीत नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, 'ऱ'चा वेगळा क्रमांक वापरतात आणि युनिकोडनेही तोच नियम ठेवलाय. माझ्या कोष्टकात घाईत मी दोन्ही 'र' एकच धरले होते. तशी चूक सगळीकडे झाली होती: 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', 'तऱ्हा'चं 'तर्हा'. एकटीने काम केलं असतं तर ही चूक कदाचित छापून गेली असती. एक ओळ बदलली, प्रोग्रॅम पुन्हा चालवला. चिरंजीवांनी तीच नोंद पुन्हा वाचली.

"हां," आजी म्हणाल्या.

जाताना त्यांनी कॅबिनेट नेलं नाही, पट्टी मात्र मागितली. मी ब्लेडने सेलोटेपसकट सोडवून पुठ्ठ्यावर लावून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिस्क एकदा ताडून पाहावी म्हणून पुन्हा जोडली. टिक झालं. गिरकी दिली, चार वेळा, पाच वेळा. फिरली नाही.

चिरंजीवांचा नंतर फोन आला होता, प्रतींमधल्या फाइलींवर खऱ्या तारखा घालता येतील का म्हणून. १९९८च्या पुढच्या फाइली नक्की कधीच्या हे कुणालाच सांगता येणार नाही. मी १-१-१९८० तशीच ठेवलीय.