कडी लावली का?

देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाच्या दाराला किती कड्या असाव्यात, याबद्दल पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, काही सांगितलेलं नाही. आमच्या दाराला वर एक, खाली एक, मध्ये लॅच, आणि बाहेर लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप. नागपुरात हे फार झालं असं कोणी म्हणणार नाही. 'घर बंद करून लग्नाला गेले आणि येऊन पाहतात तर...' अशी सुरू होणारी एक तरी गोष्ट इथल्या प्रत्येक मोहल्ल्यात असते, आणि दर उन्हाळ्यात ती नव्याने सांगितली जाते.

रात्री जेवणं आटोपली की आम्ही सगळे प्रार्थनेला बसतो. बरेचदा चौथं स्तोत्र निघतं, कारण ते लहान आहे आणि झोपेचं आहे. मी स्वस्थ पडतो आणि झोपी जातो, मला सुरक्षित ठेवणारा तूच आहेस, अशा अर्थाचा त्याचा शेवट. आमेन झालं रे झालं की मी उठतो.

"आत्ताच तर सगळं त्याच्या हाती दिलं ना? मग कुठे चालले?" बायको विचारते.

"कडी पाहून येतो."

कडी तिनेच लावलेली असते. गेलोच आहे तर गॅसचा नॉबही पाहून येतो. तिच्या मते मी अल्पविश्वासी. माझ्या बाजूने मी बायबलमधल्या नहेम्याला उभा करतो. यरुशलेमेचा कोट बांधताना आसपासचे लोक हल्ल्याच्या धमक्या देऊ लागले, तेव्हा काय केलं ते त्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एका दमात सांगितलंय: देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. ओझी वाहणारे तर एका हाताने काम करत आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरत. यावर बायको १२७वं स्तोत्र काढते. परमेश्वर नगर राखत नसेल तर पहारेकऱ्याचं जागणं व्यर्थ. मान्य. पण तिथेही पहारेकऱ्याला 'जा बाबा, घरी जाऊन झोप' असं कोणी म्हटलेलं नाही.

हा वाद मी जिंकतो खरा, पण त्यात एक गोम आहे. कडी लावणं हा पहारा झाला. लावलेली कडी पुन्हा पुन्हा जाऊन हलवून पाहणं, हे नहेम्याच्या खात्यावर टाकता येत नाही. ते चोरासाठी नसतंच. मुलगा मिहान औद्योगिक भागातून रात्रपाळी संपवून वर्धा रोडने दुचाकीवर येणार असतो. सासऱ्यांच्या छातीचा रिपोर्ट उद्या यायचा असतो. ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज असते. यातल्या कशालाही कडी लावता येत नाही. मग जिला लावता येते तिच्याकडेच माणूस परत परत जातो.

लहानपणी असं नव्हतं. मे महिन्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारलं की गच्चीतून वाफ निघायची, मग गाद्या, उशाशी सुरई. खालचं दार नुसतं लोटलेलं. आजी आभाळाकडे बघत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन गुणगुणायची आणि कडव्याच्या मध्येच घोरू लागायची. तेव्हाची माणसं विश्वासाने किती निर्भय होती, असं लिहायचा मोह होतो. पण खरं कारण उकाडा. खाली झोपणं शक्यच नव्हतं, आणि चोरालाही ते शक्य नसावं. थंडी पडली की हीच आजी दाराला आतून पाटा टेकवून ठेवायची.

मोबाइलवर एक सुविचार वरचेवर येतो, की बायबलमध्ये 'भिऊ नको' हे ३६५ वेळा आलंय, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. हौसेने मोजायला बसावं तर कुठल्याच भाषांतरात एवढे भरत नाहीत. भरले असते तरी २९ फेब्रुवारीचं काय, हा प्रश्न उरलाच असता. आणि जिथे ते शब्द येतात, तिथे समोरचा माणूस बहुतेक वेळा घाबरलेलाच असतो. येशूच्या जन्माच्या रात्री देवदूत मेंढपाळांना ते म्हणतो, कारण त्यांची गाळण उडालेली असते. व्यासपीठावरून ऐकताना मात्र ती धमकी वाटू लागते. भीती वाटते म्हणजे विश्वास कमी, असा हिशेब. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आमच्या नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झाली. सहा मंडळ्यांच्या सहा तऱ्हा एकत्र आल्या, पण भीतीवरचा उपदेश बहुधा आधीपासूनच एक असावा.)

या हिशेबात दावीद बसत नाही. गल्याथाला गोफणीने पाडणारा दावीद सगळ्यांच्या तोंडी असतो. संडे स्कूलच्या भिंतीवर त्याचंच चित्र. त्यानंतरचा दावीद, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातला, भिंतीवर कधी लागत नाही. शौल राजा जिवावर उठलाय म्हणून तो पळत सुटतो. नोब गावी याजकाकडे शस्त्र मागतो, तर तिथे असते गल्याथाचीच तलवार, कापडात गुंडाळलेली. ती घेऊन तो जातो कुठे? गथला. गल्याथाच्या गावाला! घाबरलेल्या माणसाची अक्कल कशी चालते पाहा. तिथे आखीश राजाचे चाकर त्याला ओळखतात, आणि दावीद फार भितो. शास्त्रात तसं सरळ लिहिलंय. मग तो वेड्याचं सोंग घेतो, वेशीच्या दारांवर ओरखडे काढतो, दाढीवर लाळ गाळतो. राजा वैतागून म्हणतो, माझ्याकडे वेडे कमी होते म्हणून हा आणलात?

गथमध्ये पलिष्ट्यांनी, म्हणजे गल्याथाच्या लोकांनी, धरलं तेव्हाचं म्हणून ५६वं स्तोत्र दावीदाच्या नावावर आहे. मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, असं तो त्यात म्हणतो. भीती गेल्यावर ठेवीन, असं नाही. दाढीवर लाळ असतानाच. पुढच्याच ओळीत तो 'मी भिणार नाही' असंही म्हणून टाकतो, आणि मग पुन्हा शत्रूंचं गाऱ्हाणं सुरू. रात्री एकदा उशीवर आणि एकदा दाराशी जाणाऱ्याला हे स्तोत्र फार ओळखीचं वाटतं.

भरवसा ठेवला की काही वाईट होत नाही, असंही कोणी सांगू नये, निदान नागपुरात तरी. सिव्हिल लाइन्समधलं १८८३ सालचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून इथे आले. शाळा चालवली, आदिवासींबद्दलची टिपणं जमवली, खडकांतले जीवाश्म धुंडाळले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून बोरीकडे येताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. वय ४५. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली नसेल, असं कोण म्हणेल? दानिएलाच्या पुस्तकातले ते तिघे, शद्रख, मेशख आणि अबेदनगो, भट्टीपुढे उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवू शकतो, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. 'नाही सोडवलं तरी' एवढं मनात धरून कोणी प्रार्थनेला बसत असेल, तर त्याच्यापुढे माझी मान खाली जाते. मी अजून 'सोडव' इथवरच आहे.

आमच्याकडे आठवड्याची प्रार्थना सभा कोणाच्या तरी घरी असते. आधी विनंत्या सांगायच्या. परीक्षेसाठी, बदलीसाठी, प्रवासासाठी. भीती तिथे स्वतःच्या नावाने कधी येत नाही. मागच्या पावसाळ्यात सदर भागातल्या एका घरी सभा होती. एका मावशींचं दुसऱ्या दिवशी मेडिकल कॉलेजमध्ये ऑपरेशन होतं.

"काय मागायचं, मावशी? ऑपरेशन नीट व्हावं म्हणून?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"ते डॉक्टर पाहतील जी. मले भेव लागून राहिलं, ते सांगा त्याले."

लगेच दोघीतिघी सरसावल्या. भिऊ नका, प्रभू आहे ना, हे वचन वाचा, ते वाचा. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"तो आहे म्हणून तं सांगून राहिली," त्या म्हणाल्या. "नसता तं कोणाले सांगतलं असतं?"

पाळकसाहेब डोळे मिटायच्या बेतात होते, तेवढ्यात एका काकांनी हात वर केला. मघाशी त्यांनी 'प्रवासासाठी' म्हणून सांगितलं होतं. ते बदलून 'विमानात बसायची भीती वाटते' असं करा म्हणाले. मग कोपऱ्यातून एक आई म्हणाली, परीक्षा पोराची आहे, पण पोरगं मस्त झोपतं, घाबरते मी, तेव्हा माझं नाव लिहा. चहा आत उकळून उकळून काळा व्हायला लागला, तरी पाळकसाहेबांची वही काही मिटेना.